काकूंच्या घराचं छप्पर

भिंगकाकांनी उभ्या आयुष्यात एकच काम केलं, भोकं शोधायचं. छत्र्यांच्या कारखान्यात एक अंधारी खोली होती. त्या खोलीत काचेचं लांबलचक टेबल, काचेखाली दिवे, आणि काचेवरून काळ्या कापडाचा तागा हळूहळू सरकत जायचा. कुठे टाचणीच्या टोकाएवढा उजेड लुकलुकला की काका खडूनं त्याभोवती गोल करायचे. शंका आली तर खिशातून भिंग काढायचे. म्हणून ते भिंगकाका. आईबापांनी ठेवलेलं नाव फक्त पगाराच्या पाकिटाला ठाऊक होतं.

माणूस जे काम करतो ते त्याच्या अंगात मुरतं. न्हावी तुमच्याशी बोलताना तुमच्या केसांकडे बघतो, शिंपी बाहीकडे. काका सगळं उजेडासमोर धरून बघायचे. नवा शर्ट, खिडकीचा पडदा, डॉक्टरांची चिठ्ठी. पाव आणला तरी त्याची चकती खिडकीसमोर धरून म्हणायचे, "आज जाळी मोठी पडलीय." शेजाऱ्यांनी एकदा कौतुकानं नवा नातू त्यांच्या हातात दिला, तर काकांनी त्यालाही दोन्ही हातांनी उचलून खिडकीसमोर धरलं. बाळानं त्यांचा शर्ट ओला करून ती तपासणी तिथल्या तिथे संपवली.

असल्या माणसाच्या नजरेतून साऱ्या नोकरीत एकच भोक सुटलं, आणि त्या भोकातून काकू आल्या.

काकू तेव्हा दवाखान्यात टेलिफोनच्या बोर्डावर बसायच्या. आवाज असा, की समोरचा माणूस फोनवर असूनही ताठ उभा राहायचा. एके दिवशी त्या ओल्या केसांनी कारखान्याच्या तक्रारीच्या खिडकीशी आल्या, छत्री फळीवर आपटली आणि म्हणाल्या, "ही छत्री आहे का झारी?"

काकांना बोलावणं आलं. ते म्हणाले, "आमच्याकडून असं होणं शक्य नाही."

"हो का? मग माझ्या डोक्यावर काय अत्तर शिंपडलं का कुणी?"

काकांनी छत्री दिव्यासमोर धरली. मधोमध भोक, आणि कडेला त्यांच्याच तपासणीचा शिक्का. काका इतके खजील झाले की बदली छत्री द्यायला स्वतः दवाखान्यात गेले. मग ती नीट आहे ना, हे विचारायला गेले. मग पावसाचं नावनिशाण नसतानाही विचारायला जाऊ लागले. शेवटी काकूच म्हणाल्या, "छत्री बरी आहे. तुमचं काय ते बोला." काकांना जे बोलायचं होतं तेही काकूंनीच बोलून टाकलं, आणि लग्न झालं.

संसार चांगला झाला. मूल झालं नाही, त्याचं दुःख दोघांनी वाटून घेतलं आणि पुढे त्याबद्दल फार बोलले नाहीत. पन्नाशी उलटल्यावर मात्र काकूंना उन्हाचं दुखणं लागलं. अंगावर ऊन पडलं की चट्टे उठायचे, ताप भरायचा, सांधे आखडायचे. डॉक्टर म्हणाले, "हिंडा, फिरा, पण सावलीतून." तेव्हापासून काकांचं सूर्याशी वैयक्तिक वैर सुरू झालं. त्यांनी पडद्यांना अस्तरं लावली, अस्तरांना अस्तरं लावली. दिवसा घरात आलेला पाहुणा चाचपडत खुर्चीपर्यंत यायचा.

आता काकूंच्या माहेराबद्दल सांगायला हवं. काकूंचं माहेर पाण्याखाली होतं. त्या लहान असताना नदीवर धरण झालं, माणसं आणि गुरं वर हलवली, आणि घरं जिथल्या तिथे बुडाली. एखाद्या कडक उन्हाळ्यात पाणी खूप उतरलं तर गाव थोडे दिवस वर यायचं. शाळेच्या पायऱ्या, विहिरीचा कठडा, गुडघ्याएवढ्या उरलेल्या भिंती. काकूंचा धाकटा भाऊ टेंपो चालवायचा. तो अशा वेळी जाऊन यायचा आणि सांगायचा, "ताई, आपला उंबरठा आहे बरं का अजून." काकू म्हणायच्या, "या खेपेला मीही येते." पण कधी बोर्डावर बदली माणूस मिळायचा नाही, कधी काकांच्या कारखान्यात घाईचा हंगाम असायचा, आणि पुढे उन्हानंच दार लावून घेतलं. पाणी उतरायचं तेच मुळी भर उन्हाळ्यात, आणि त्या साऱ्या गाळाच्या मैदानात सावलीला म्हणून एक काडी नाही.

काका निवृत्त झाल्यावरच्या पहिल्या उन्हाळ्यात मेहुणा घरी आला. चाचपडत खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "ताई, यंदा शेवटचं. धरणाची भिंत वाढवतायत. पुढच्या वर्षापासून पाणी कितीही उतरलं तरी गाव वर यायचं नाही."

काकू भाजी निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. मग पुन्हा चालू झाला. त्या म्हणाल्या, "मला घरात एक रात्र झोपायचंय."

"कुठल्या घरात?"

"आपल्या. मधल्या खोलीत. सकाळी जायचं, दिवसभर बसायचं, रात्री झोपायचं."

"ताई, भिंती गुडघ्याएवढ्या राहिल्यात. घराला छप्पर नाही."

"मग छप्पर तुझ्या भाऊजींना आणायला सांग. जन्मभर दुसऱ्यांच्या डोक्यावरची कापडं तपासली, एक माझ्या घरावर घालू दे."

काकांनी चहाचा कप खाली ठेवला. काकूंनी लग्नापासून कधी काही मागितलं नव्हतं. हव्या त्या गोष्टी त्या परस्पर आणायच्या. त्यामुळे मागणं ऐकायची काकांना सवयच नव्हती. ते उठून उभे राहिले, जणू कुणी पदक द्यायला बोलावलं होतं. "असं छप्पर आणतो," ते म्हणाले, "की उन्हाचा एक कण आत यायचा नाही."

पहिला प्रश्न कापडाच्या मापाचा. खोली केवढी होती?

"दहा पावलं लांब," काकू म्हणाल्या.

"ताई, तेव्हा तू एवढीशी होतीस. तुझी दहा पावलं म्हणजे मांजरीची."

"मग पाच धर."

"चार. मी मोजून आलोय."

"तू चिखलात मोजलंस. चिखलात पाऊल घसरून लांब पडतं."

बहीणभाऊ घरभर पावलं टाकत फिरले. मेहुणा दोनदा पलंगाला धडकला. शेवटी काकांनी निकाल दिला, की कापड मोठंच घ्यावं, उरलं तर ओसरी झाकू. काकू म्हणाल्या, "ओसरी होती हे तुम्हाला कसं कळलं?" काका म्हणाले, "अंदाज." पण पुढे काही विचारायचं त्यांच्या मनात आलं नाही. डोक्यात कापड शिरलं होतं.

मेहुण्यानं लगेच टेंपोवरची निळी ताडपत्री आणून दिली. "ही घ्या भाऊजी, फुकट. उद्या निघू." काकांनी ती गच्चीवर नेऊन सूर्यासमोर धरली आणि म्हणाले, "हे तारांगण आहे."

"भाऊजी, एवढ्यातेवढ्या भोकांनी काय होतंय?"

"तुझ्या कांद्याबटाट्यांना काही होत नाही. तुझ्या बहिणीला होतं."

मेहुण्यानं ताडपत्री गुंडाळली. तिथून काका बाजारात गेले. रानावनात राहायला जाणाऱ्यांच्या सामानाचं एक दुकान होतं. दुकानदाराची टोपी, चष्मा, बूट सगळं असं, जणू दुपारी डोंगर चढायचाय आणि तोवर सहज गल्ल्यावर बसलाय.

"कॅम्पिंगला कुठे चाललाय काका?"

"बायकोच्या घरी."

दुकानदार थोडा घोटाळला. "घरी... म्हणजे अंगणात तंबू?"

"नाही, घरातच. घराला छप्पर नाही."

दुकानदारानं ओळखलं, की हे गिऱ्हाईक साधं नाही. त्यानं मुकाट्यानं नमुने काढले. पहिलं जाड काळं कापड. काकांना बघताच आवडलं, कारण ते त्यांच्या अंधाऱ्या खोलीसारखं होतं. घरी आणून गच्चीवर ताणलं, खाली थर्मामीटर ठेवलं. घरात तापाचंच थर्मामीटर होतं. पारा सरसर चढत टोकाला गेला आणि फट्‌ झाला. काकू म्हणाल्या, "छान. आता मला ताप आला तर मोजणार कशानं? कापडानं?" काळं कापड ऊन अडवायचं खरं, पण स्वतःच तापून खालच्या माणसाला भाजून काढायचं.

दुसरं सुती, मेणाचा हात फिरवलेलं. खाली बसलं तर छान गार वाटायचं. पण उचलायला तिघे लागायचे, आणि वरून बादलीभर पाणी ओतल्यावर काकांनी आतून बोट लावलं तर बोट लागलं तिथून ठिबकायला सुरुवात. मेहुणा म्हणाला, "मग बोट लावू नका ना!" काका म्हणाले, "माणसाला जिथे बोट लावू नको म्हणतात तिथेच तो लावतो." हे मात्र खरं होतं.

तिसरं कापड चंदेरी. वरच्या बाजूला आरशासारखा मुलामा, आत मऊ करडा रंग, वजनाला हलकं. ऊन वरच्या वर परतवायचं. चारी बाजू उघड्या ठेवून उंच ताणलं की खालून वारा वाहायचा. पाणी तर वरून मोत्यासारखं घरंगळून जायचं. तुम्ही-आम्ही असतो तर तिथेच पुडकं बांधून घेतलं असतं. काकांनी खिशातून भिंग काढून कापडावरची चिठ्ठी वाचली. लिहिलं होतं, नव्व्याण्णव टक्के ऊन अडवते.

"आणि उरलेला एक टक्का?" काकांनी विचारलं.

"तो... काका, तो असतोच."

"कुणावर पडतो तो?"

दुकानदारानं टोपी काढून पुन्हा घातली. एवढ्या वर्षांत हा प्रश्न कुणी केला नव्हता.

मग काकांनी कारखान्यातली रीत काढली. नवीन कापड आलं की त्याखाली लाल रिबिनीचा तुकडा लावून ते कारखान्याच्या छपरावर ठेवायचे. लाल रंग उन्हाला फार भित्रा. रिबीन विटली तर कापड नापास, नाही विटली तर पास. कारखान्यात या परीक्षेची थट्टा व्हायची, पण काकांचा तिच्यावर विश्वास होता, कारण ती सावकाश होती. काकांनी चंदेरी जातीच्या निरनिराळ्या कापडांचे नमुने आणले, गच्चीवर फळीला ठोकले, प्रत्येकाखाली रिबीन लावली, आणि पलीकडे एक रिबीन उघड्यावर बांधली. मग रोज जिना चढून जायचे, कापड उचलून बघायचे, परत टाकायचे आणि खाली येऊन सांगायचे, "अजून सांगता येत नाही."

तिकडे पाणी उतरत होतं. मेहुण्याचे फोन यायचे. "ताई, शाळेची वरची पायरी दिसली." मग, "विहिरीचा कठडा आला. त्यावर बगळा बसलाय, तुझ्यासारखाच कमरेवर हात ठेवून." काकू हसायच्या आणि वर बघायच्या. वर गच्चीवर पावलं वाजत असायची.

"अहो," त्या जिन्यात उभ्या राहून हाक द्यायच्या, "रिबीन विटायच्या आधी मी विटेन हो!"

"घाई करून कसं चालेल? कापड म्हणजे काय भाजी आहे?"

"भाजी तरी परवडली. तिला तुम्ही उन्हात वाळत घालत नाही."

काकूंनी सामान बांधलं होतं. सतरंजी, दोन उशा, कंदील, छोटा स्टोव्ह, पाण्याचे कॅन. गाठोडं दाराशी उभं होतं. रोज सकाळी केर काढताना काकू ते उचलायच्या, खालचा केर काढायच्या आणि पुन्हा तिथेच ठेवायच्या.

एका दुपारी मेहुणा फोन न करता आलाच. पायाला वाळलेला गाळ तसाच. "ताई, उंबरठा कोरडा आहे. मी बसून आलो. भाऊजी, आता नाही तर कधी नाही. कुठलंही कापड घ्या."

काकांनी गच्चीवरून रिबिनी आणल्या. उघड्यावरची रिबीन फिकट गुलाबी झाली होती. एका कापडाखालची मात्र जशी लावली तशी, लालभडक. काकांनी ती काकूंच्या हातात ठेवली. त्यांचे डोळे भरून आले होते. "बघ. एक टक्कासुद्धा नाही." काकूंनी रिबीन बघितली, काकांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "चला तर मग. उद्याच."

काका दुकानात गेले, ते कापड हव्या त्या मापाचं घेऊन आले, आणि शेवटचं म्हणून गच्चीवर ताणून सूर्यासमोर धरलं. मधला सगळा भाग ठार अंधारा. पण कोपऱ्यांत, जिथे दोर ओवायच्या पितळी कड्या शिवल्या होत्या, तिथे सुईची भोकं लुकलुकत होती. काकांच्या तोंडचं पाणी पळालं. खडू काढून त्यांनी प्रत्येक कोपऱ्याभोवती गोल केले.

तेच कापड घेऊन ते दुकानात परतले. दुकानदार म्हणाला, "काका, ती शिलाई आहे. सुई गेली म्हणजे भोक पडणारच. आतून पट्टी चिकटवा."

"पट्टी म्हणजे ठिगळ. नव्या घराला ठिगळ लावून कोण राहायला जातं?"

"मग शिलाईवर आतून-बाहेरून कारखान्यातच मुलामा दिलेलं येतं. पण ते मागवावं लागेल."

"मागवा."

घरी येऊन काकांनी हे सांगितलं तेव्हा काकू ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. त्या वळल्या नाहीत. बोर्डावरचा तो खणखणीत आवाज अगदी खाली आला होता.

"अहो, असू दे भोक. आपण जाऊ या."

"आणि चट्टे उठले तर? तिथे डॉक्टर नाही, काही नाही. मला काही होत नाही गं, तुझ्यासाठीच चाललंय ना सगळं."

"ते माहीत आहे मला," काकू म्हणाल्या. "त्यामुळे तर भांडताही येत नाही."

काका यावर हसले. त्यांना वाटलं, काकूंनी विनोद केला.

पंधरा दिवसांनी कापड आलं, आणि त्याच दिवशी मेहुणा लांबच्या भाड्यावरून परतला. अंधाराचा नुसता ठोकळा! काकांनी ते गच्चीवर सूर्यासमोर धरलं, भिंग लावून कोपरा न्‌ कोपरा बघितला, आणि पहिल्यांदाच त्यांच्या खडूला काम उरलं नाही. सगळ्या इमारतीनं त्यांना जिन्यातून शीळ घालत खाली येताना ऐकलं. दुसऱ्या दिवशी पहाटे टेंपो निघाला. पुढे मेहुणा, काकू आणि काका, मागे गाठोडं, बांबू आणि छप्पर. काकूंनी केस नीट विंचरले होते. मेहुणा म्हणाला, "ताई, माहेरी चाललीयस म्हणून एवढा थाट? तिथे बघायला बगळाच आहे." काकू म्हणाल्या, "बगळा का असेना, माहेरचा आहे."

शेवटचं वळण घेतलं आणि मेहुण्यानं ब्रेक लावला.

समोर पाणी होतं. लांबच लांब, शांत, या काठापासून त्या काठापर्यंत. शाळा नाही, विहीर नाही. गाळाचं मैदानसुद्धा नाही, काठाला ओल्या मातीची जेमतेम पट्टी.

धरणावरचा राखणदार सायकल ढकलत आला. "वरच्या धरणाच्या दारांचं काम निघालं," तो म्हणाला. "तिथलं पाणी इकडे सोडलं. गेल्या आठवड्यात आला असतात तर पार विहिरीपर्यंत चालत गेला असतात. लोक येऊन गेले की. डबे खाल्ले, फोटो काढले." मग तिघांच्या चेहऱ्यांकडे बघून त्याला काहीतरी उमगलं असावं. तो म्हणाला, "मासे बरे आलेत पण," आणि सायकलवर बसून निघून गेला.

मेहुणा खाली उतरला, टेंपोच्या चाकाला लाथ मारली आणि दूर जाऊन उभा राहिला. काका जागेवरून हलले नाहीत. ते वाट बघत होते. आता ही बोलेल, तो बोर्डावरचा आवाज लागेल, आणि जे काय असेल ते साऱ्या धरणाला ऐकू जाईल. जाऊ दे. तेवढं तरी झालं पाहिजे.

काकू म्हणाल्या, "ऊन वर येतंय. छप्पर बांधा. मग चहा करते."

काकांनी छप्पर बांधलं. जन्मात कधी बांबू रोवला नव्हता त्या माणसानं. एक बांबू उभा करेपर्यंत दुसरा आडवा व्हायचा. मेहुणा येऊन हात लावून गेला. शेवटी पाण्याच्या अगदी कडेला कापड ताठ उभं राहिलं. बाहेर ऊन नुसतं कडकडत होतं, माती तापून वास येत होता, आणि त्या कापडाखाली पाण्यावरचा वारा खेळत होता. सावली तर अशी, की हात पुढे केला तर तिची कड बोटांवर चाकूसारखी दिसावी. दुकानदारानं बघितलं असतं तर फोटो काढून दुकानात लावला असता.

काकू सतरंजीवर बसल्या, वर बघितलं आणि म्हणाल्या, "छान आहे हो सावली."

काकूंनी चार शिव्या घातल्या असत्या तर काकांना जेवण गेलं असतं.

दुपार तशीच गेली. उकडलेली अंडी, पाव, चहा. मेहुणा टेंपोखाली जाऊन झोपला, निदान झोपल्यासारखा पडला. काकू पाण्याकडे तोंड करून बसल्या होत्या. काका मागून त्यांच्या पाठीकडे बघत होते. घसा खाकरून ते म्हणाले, "कुठे... कुठल्या बाजूला आहे घर?"

काकूंनी हात लांब केला. "तो पाण्यातला ओंडका दिसतो ना, त्याच्या अलीकडे. इथे समोर दगडांचं कुंपण होतं. कुंपणातून आत गेलं की पायवाट, मग ओसरी, मग मधली खोली."

"कशी होती खोली?"

काकूंनी वळून बघितलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदा आला होता, हे दोघांच्याही एकदमच लक्षात आलं.

"लहान होती," त्या म्हणाल्या. "वर पत्रा. जुना, गंजलेला, सगळीकडे भोकं पडलेली. बाबा दर वर्षी म्हणायचे, यंदा बदलू. दुपारी जमिनीवर कवडसे पडायचे, एवढे एवढे, गोल. आम्ही दोघं पालथे पडून बघायचो. एकेका कवडशाला नाव ठेवलं होतं. ते दिवसभर सरकत सरकत भिंतीवर चढायचे, आणि ज्याचा कवडसा आधी पोचेल तो जिंकायचा. हा नेहमी हरायचा आणि रडायचा." त्यांनी टेंपोकडे मान हलवली. "आईनं जेवायला हाक मारली तरी आम्ही उठायचो नाही."

काकांनी हळूच वर बघितलं. कापड ठार करडं होतं, कुठे काही लुकलुकत नव्हतं.

"तू कधी बोलली नाहीस," ते म्हणाले.

"तुम्ही विचारलंत कुठे? आणि विचारून काय होतं? मला आता ऊन कुठे चालतंय." मग पाण्याकडे वळून त्या म्हणाल्या, "पण उंबरठ्यावर बसायचं होतं."

 काकांकडे बोलायला तेवढंच होतं, की हे सगळं तुझ्यासाठी, आणि ते वाक्य त्यांनी इतक्यांदा वापरलं होतं की आता त्यांनाच त्याची लाज वाटली.

ऊन कलायला लागलं. सूर्य पाठीमागच्या टेकडीकडे गेला, तशी कापडाची सावली पुढे सरकू लागली. आधी सतरंजीवरून मातीवर, मग मातीवरून पाण्यात. काकू सावलीबरोबर सरकत होत्या. सावली पाण्यात उतरली तशा त्या उठल्या, कपडे सावरले आणि पाण्यात पाऊल ठेवलं. मग दुसरं. सावलीच्या कडेकडेनं, आतून. काका धडपडत उठले. "अगं, गाळ असेल. पाय घसरेल."

"माझ्या गावचा गाळ आहे. मला नाही घसरायचा."

घोट्याएवढं पाणी झालं, मग पोटरीएवढं. काकू थांबल्या. पायाच्या बोटांनी खाली काहीतरी चाचपडत राहिल्या. "दगड लागतायत," त्या म्हणाल्या. "ओळीनं आहेत. अहो, हे कुंपण आहे!"

टेंपोखालून मेहुणा बाहेर आला होता. तो काठावर उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, डावीकडे फाटक." 

काकू डावीकडे सरकल्या. पण सावली तिथेच संपत होती. पुढे पाण्यावर ऊन नुसतं पेटलं होतं. सावलीच्या त्या कडेशी त्या उभ्या राहिल्या, जसं लहान मूल दारात उभं राहून आत जाऊ का म्हणून विचारतं तशा.

काका पुढच्या बांबूपाशी गेले. दोर सोडला, बांबू मातीतून उपटला आणि दोन्ही हातांनी डोक्याच्या वर उचलला. कापडाची कड वर गेली, आणि सावली पाण्यावर हातभर पुढे पडली. काकू हातभर पुढे गेल्या.

"अजून," मेहुणा म्हणाला आणि धावत येऊन त्यानं दुसरा बांबू उचलला. दोघे पाण्यात शिरले. मागचे दोर ताणले गेले, एक खुंटी उपटली, कापड फडफडलं, आणि सावली अजून थोडी पुढे गेली.

"फाटक आलं," काकू म्हणाल्या.

घर अजून पुढे होतं. ओंडक्याच्या अलीकडे. तिथे पाणी गळ्याच्या वर असणार, आणि कापड तर संपलं होतं. काकांचे दंड थरथरत होते. सूर्य टेकडीआड जायला अजून पुष्कळ वेळ होता.

काकूंनी मागे वळून बघितलं. "राहू द्या आता. हात दुखतील."

"नाही दुखत," काका म्हणाले. "तू उभी राहा."

काकू फाटकात उभ्या राहिल्या.